आधी हातातला फोन, मग एम्युलेटर

मोबाइल अ‍ॅप करायला शिकायचं ठरवलेली बरीच मंडळी कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच गळतात. अँड्रॉइड स्टुडिओ इन्स्टॉल करताना लॅपटॉप अडकतो, लाल अक्षरांत एरर येते, एम्युलेटरची, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या आभासी फोनची, काळी खिडकी उघडते ती काळीच राहते, आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं मन घेऊन बसतं. डिप्लोमा आणि बीसीएच्या मुलांपासून ते मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला बसलेल्या ताईंपर्यंत सगळ्यांचं इथेच अडतं. पहिल्या दिवशीच्या या अडचणींचा तुमच्या बुद्धीशी काडीचा संबंध नाही. त्या रॅमच्या, डिस्कच्या, इंटरनेटच्या आणि कुठेतरी बंद राहून गेलेल्या एखाद्या सेटिंगच्या असतात. म्हणून हे चार शब्द. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा, विंडोज असलेला, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप समोर धरून लिहितो आहे.

पहिली विनंती, जुन्या नोट्स बाजूला ठेवा. गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ २०१३ च्या मे महिन्यात जाहीर केला आणि त्याची १.० आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये आली. त्याआधी एक्लिप्स नावाच्या सॉफ्टवेअरला जोडणी करून हेच काम चालायचं. ‘आधी जावा टाका, मग एक्लिप्स टाका, मग पाथ सेट करा’ असं सांगणाऱ्या त्या काळच्या पीडीएफ अजूनही कॉलेजांतल्या ग्रुपवर फिरत असतात. आता स्टुडिओसोबत त्याला लागणारं जेडीके, म्हणजे जावाच्या साधनांचा संच, येतंच. वेगळी जावा टाकायची गरज नाही, आणि दोन-तीन जावा एकाच मशीनवर असल्या की उलट घोळ वाढतो. स्टुडिओ फुकट आहे. तो डेव्हलपर डॉट अँड्रॉइड डॉट कॉम या अधिकृत साइटवरूनच घ्या. कुणाच्या पेनड्राइव्हवरची ‘फुल व्हर्जन’ नको, कुणी ‘इन्स्टॉलेशन चार्जेस’ मागत असेल तर तेही देऊ नका. फुकट मिळणाऱ्या वस्तूचं क्रॅक कशासाठी असेल, याचा विचार केलात तरी पुरे.

मशीनबद्दल स्पष्टच बोलू. स्टुडिओ नुसता चालवायला ८ जीबी रॅम आणि सोबत एम्युलेटरही चालवायचा तर १६ जीबी, असं गूगलच सांगतं. म्हणजे ८ जीबीवाल्याने दोन्ही एकदम उघडले आणि माऊसचा बाण हलेनासा झाला, तर त्यात नवल काहीच नाही. डिस्कवर १६ जीबी मोकळी जागा मागितली जाते, पण व्यवहारात ३०-४० जीबी हाताशी असू द्या. आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर कोर्सची फी भरण्याआधी एसएसडी बसवून घ्या. रॅम वाढवणं आणि एसएसडी बसवणं यांतलं एकच परवडत असेल तर आधी एसएसडी, असं माझं मत आहे. नवा लॅपटॉप घेण्याच्या फंदात मात्र लगेच पडू नका. शिकायला लागणारे पहिले काही महिने याच मशीनवर निघतात. कसे, ते पुढे येतंच.

आता खास आपल्या लोकांना छळणारी एक गोष्ट. विंडोज घेताना कुणी हौसेने युजरचं नाव देवनागरीत दिलेलं असतं, किंवा प्रोजेक्टच्या फोल्डरला ‘माझं पहिलं अ‍ॅप’ असं नाव ठेवतं. विंडोजवर अँड्रॉइडची बिल्ड यंत्रणा अशा रस्त्यावर ठेचकाळते. प्रोजेक्टच्या पाथमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत, बिल्ड बहुधा फसेल, असं ती चक्क सांगते. एसडीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप करायला लागणाऱ्या साधनांचा संच, त्याच्या जागेबद्दलही तशीच तक्रार येते. युजरचं नाव बदलत बसू नका, ते किचकट काम आहे. थेट सी किंवा डी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत एक छोटं फोल्डर करा, नावात स्पेसही नको, आणि एसडीके व प्रोजेक्ट दोन्ही तिथे ठेवा. आपल्या लिपीला अ‍ॅपच्या आत भरपूर जागा आहे, फोल्डरच्या नावात नसली तरी चालेल.

स्टुडिओ बसला, नवा प्रोजेक्ट उघडला की खाली एक पट्टी सरकायला लागते आणि सरकतच राहते. हे ग्रेडल. तुमच्या प्रोजेक्टला लागणारी सगळी लायब्ररी आणि साधनं ते पहिल्यांदा इंटरनेटवरून उतरवून घेतं. पहिली खेप मोठी असते, नंतर तीच सामग्री तुमच्या मशीनवर साठवलेली असल्यामुळे काम झपाट्याने होतं. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथे. पाच-सात मिनिटं वाट पाहून खिडकी बंद करतात, पुन्हा उघडतात, अर्धवट उतरलेल्या फाइली गोंधळ घालतात आणि मग खरीच एरर येते. स्टुडिओचा इन्स्टॉलर एक जीबीहून मोठा, एम्युलेटरची सिस्टिम इमेज पुन्हा तेवढीच किंवा जास्त, वर ग्रेडलचं सामान. मोबाइलच्या रोजच्या डेटा पॅकवर हे एका दिवसात भागत नाही. जिथे वायफाय आहे अशा ठिकाणी, मित्राकडे, लायब्ररीत किंवा कॉलेजात लॅपटॉप घेऊन जा, चार्जर लावा आणि त्याला त्याचं काम करू द्या. विंडोजचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसल्याने बिल्ड रेंगाळते असं दिसलं तर स्टुडिओच कोपऱ्यात सूचना दाखवतो आणि आपली फोल्डरं तपासणीतून वगळू का, असं विचारतो. ती मान्य करायला हरकत नाही. तेवढीच फोल्डरं वगळा, अख्खा अँटिव्हायरस बंद करू नका.

नवा प्रोजेक्ट घेताना आणखी एक खाच आहे. यूट्यूबवरचे शिक्षक ‘एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी’ निवडा म्हणतात आणि तुमच्या स्क्रीनवर त्यांच्यासारखी एक्सएमएल फाइल उगवतच नाही. कारण २०२३ पासून त्या नावाखाली जेटपॅक कंपोज या नव्या पद्धतीचा प्रोजेक्ट मिळतो. जुन्या पद्धतीचा हवा तर ‘एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी’ निवडावा लागतो. स्टुडिओच्या आवृत्त्यांना २०२१ पासून प्राण्यांची नावं आहेत, तीही वर्णानुक्रमाने. आर्क्टिक फॉक्स, बंबलबी, चिपमंक करत गाडी लेडीबग, मीरकॅट, नार्व्हाल अशी पुढे सरकत राहिली. व्हिडिओत कुठला प्राणी आहे ते बघा, तुमच्याकडचा त्याच्या बराच पुढचा असेल तर मेन्यू जुळणार नाहीत हे गृहीत धरा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने कॉटलिन ही भाषा आणि कंपोज हीच वाट धरावी. गूगलने २०१९ पासून कॉटलिनला पहिला मान दिला आहे. जावावरच्या जुन्या सामग्रीला कितीही मराठी निवेदन असलं तरी दोन वर्षांनी पुन्हा शिकायची वेळ येईल.

एवढं झालं की बहुतेक जण एम्युलेटरच्या मागे लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी हातातला अँड्रॉइड फोन जोडा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर शिकायचे पहिले महिने काढण्याचा हाच मार्ग आहे. फोनवर अ‍ॅप चालवताना लॅपटॉपवर फक्त स्टुडिओचा भार पडतो. शिवाय आपण लिहिलेलं बटण आपल्याच अंगठ्याने दाबल्यावर जे वाटतं ते खिडकीतल्या फोनवर माऊस फिरवून वाटत नाही. ती उमेद सुरुवातीला फार लागते.

करायचं एवढंच. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या सिस्टिमच्या आवृत्तीवर टिचकी मारावी लागते. मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचा नवा विभाग दिसू लागतो, त्यातलं ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करा. केबलने फोन लॅपटॉपला जोडला की फोनच्या पडद्यावर ‘या संगणकाला परवानगी द्यायची का?’ असा प्रश्न येतो, तो मान्य करा. हा प्रश्न येतच नसेल तर आधी केबल बदलून पाहा. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. त्या एका केबलपायी ड्रायव्हर शोधण्यात अख्खा दिवस घालवणारे लोक आहेत. काही फोनमध्ये ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ असा आणखी एक खटका असतो आणि तो सुरू करायला त्या कंपनीच्या खात्यात लॉगिन मागतात, तेही बघून घ्या. फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल तर केबलशिवाय, एकाच वायफायवर राहूनही हे जोडकाम होतं.

इथे एक सावधगिरी. यूएसबी डीबगिंग सुरू असताना काही बँकांची अ‍ॅप उघडत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. अनोळखी संगणकाला जोडून परवानगी दिली तर तो संगणक तुमच्या फोनमध्ये बरंच काही करू शकतो. काम झालं की ते बंद करायची सवय लावा. घरात कपाटात पडलेला जुना फोन असेल, बॅटरी दमलेली, काचेला तडा गेलेला, तर तोच या कामाला लावा. अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा असला तर शिकण्यापुरता छान चालतो. उलट असा मंद फोन असणं चांगलंच. तुमचं अ‍ॅप उद्या ज्यांच्या हातात जाणार त्यांतल्या अनेकांचे फोन असेच असणार आहेत.

मग एम्युलेटर कशाला? जे एका फोनवर दिसत नाही ते बघायला. टॅबलेटच्या रुंद पडद्यावर अ‍ॅप कसं दिसेल, पाच वर्षं जुन्या अँड्रॉइडवर चालेल का, मध्येच फोन आला तर काय होईल, नेट अगदी हळू असताना यादी उघडेल का, माणूस सांगलीत बसून नागपुरात आहे असं दाखवलं तर नकाशा बरोबर हलेल का, हे सगळं एम्युलेटरच्या बाजूच्या पट्टीतून करून बघता येतं. खोटा एसएमएस पाठवता येतो, बॅटरी ५ टक्क्यांवर आणता येते. पण हे सगळं देणारा एम्युलेटर म्हणजे फोनचं नुसतं चित्र नाही. क्यूईएमयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर उभी असलेली ती एक पूर्ण अँड्रॉइड सिस्टिम असते, जिला स्वतःची रॅम, स्वतःची डिस्क आणि प्रोसेसरचा वाटा लागतो. दोन खोल्यांच्या घरात आणखी एक बिऱ्हाड आणून बसवण्यासारखं ते आहे, अडचण होणारच.

हे बिऱ्हाड सुखाने नांदायचं तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू असावी लागते. ‘एम्युलेटर चालत नाही’ या तक्रारीत पहिल्यांदा तपासायची गोष्ट हीच. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा, खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये जावं लागतं. इंटेलच्या मशीनवर ती सोय व्हीटी-एक्स किंवा ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ नावाने असते, एएमडीवर बहुधा एसव्हीएम नावाने. तेवढी एकच सेटिंग बदला, सेव्ह करून बाहेर या, बाकी कशाला हात लावू नका. पण बायोसमध्ये शिरण्यापूर्वी एक काम करा. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, सुरू असतो आणि बायोस बदलल्यावर तो रिकव्हरी की मागू शकतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर लिहून ठेवा. हे न केल्यामुळे स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर अडकण्याची पाळी येऊ शकते.

त्यानंतर विंडोजच्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये जाऊन ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’ला टिक करा आणि मशीन रीस्टार्ट करा. जुने लेख इथे याच कामासाठी हॅक्सम नावाचं इंटेलचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतात. इंटेलने त्याचं काम २०२३ मध्ये थांबवलं, तेव्हा तो सल्ला सोडून द्या. लिनक्सवर हेच काम केव्हीएम करतं, आणि कमी रॅमच्या मशीनवर लिनक्स वापरायची तयारी असेल तर फरक जाणवतो.

स्टुडिओच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून एम्युलेटर तयार करताना हाव धरू नका. सर्वांत नवा, सर्वांत मोठ्या पडद्याचा, प्ले स्टोअरसकट असा फोन निवडला की जड होतो. मधल्या आकाराचा पडदा घ्या. इमेज इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर एक्स८६-६४ हीच घ्या, एआरएमची इमेज तिथे नको. अ‍ॅपलच्या नव्या चिपच्या मॅकवर याच्या उलट, एआरएम६४. प्ले स्टोअरची गरज नसेल तर ‘गूगल एपीआय’वाली इमेज पुरते. एकच एम्युलेटर ठेवा, कारण प्रत्येक एम्युलेटर डिस्कचे कित्येक जीबी खातो. तो चालू असताना क्रोमचे टॅब बंद करा. नेहमी तो आधीची स्थिती आठवून झटकन उघडतो, पण विचित्र वागायला लागला की ‘कोल्ड बूट’ करा, तरी सुधारला नाही तर ‘वाइप डेटा’. अँड्रॉइड स्टुडिओ पुन्हा इन्स्टॉल करण्याची वेळ फार क्वचित येते. लोक मात्र सर्वांत आधी तेच करतात.

आणखी एका जागी हमखास डोकं फिरतं. तुमच्याच लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालू आहे आणि एम्युलेटरमधल्या अ‍ॅपमधून लोकलहोस्टला हाक मारली तर उत्तर येत नाही. कारण एम्युलेटरच्या दृष्टीने लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. लॅपटॉपपर्यंत पोहोचायला १०.०.२.२ हा पत्ता वापरावा लागतो, अर्थात टाइप करताना इंग्रजी अंकांत.

अंकांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण हे तुम्हाला इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. एम्युलेटरची भाषा मराठी करा आणि आपलं अ‍ॅप चालवून बघा. मराठी भाषा निवडलेल्या फोनवर अंक देवनागरी धरले जातात. हिंदीत सहसा तसं होत नाही, तिथे ठरवलेले अंक इंग्रजी आहेत. त्यामुळे एखाद्या शेतकऱ्याने अ‍ॅपमध्ये साडेबारा क्विंटल भरलं आणि तुमच्या कोडने ती संख्या फोनच्या भाषेनुसार अक्षरांत बदलली, तर सर्व्हरला ‘१२.५’ असं देवनागरीत जातं. सर्व्हरला ते कळत नाही आणि नोंद परत येते. लिहिणाऱ्याच्या इंग्रजी फोनवर सगळं ठणठणीत चालतं, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. उपाय सोपा आहे. माणसाला दाखवायची संख्या फोनच्या भाषेत करा आणि यंत्राला पाठवायची संख्या कायम तटस्थ लोकेलमध्ये, म्हणजे ‘लोकेल डॉट रूट’ सांगून. तारखांचंही तसंच.

मराठी मजकूर ‘व्हॅल्यूज-एमआर’ या फोल्डरमधल्या स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये ठेवला की फोन मराठीत असताना तो आपोआप उचलला जातो. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून बघा. इंग्रजीसाठी मापून बसवलेल्या बटणात वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात, ‘नोंदणी रद्द करा’ दोन ओळींत जाऊन अर्धं गायब होतं. आपल्या आजी-आजोबांचे फोन अशाच मोठ्या अक्षरांत असतात. बटणाची उंची ठरावीक आकड्यात बांधून ठेवू नका, मजकुरानुसार वाढू द्या.

आयफोनसाठी अ‍ॅप करायचं असेल तर एक्सकोड लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो. विंडोजवर ‘जुगाड’ शिकवणाऱ्यांच्या नादी लागू नका. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप करू देणारं फ्लटर निवडलंत तर ‘फ्लटर डॉक्टर’ ही कमांड काय राहिलं आहे ते एकेक ओळीत सांगते. पण फ्लटरलाही अँड्रॉइडसाठी वर सांगितलेलं सगळं लागतंच, सुटका नाही.

शेवटी एररबद्दल. लाल अक्षरं आली की स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. मजकूर कॉपी करा. लांबलचक भेंडोळ्यात ‘कॉज्ड बाय’ ने सुरू होणारी ओळ शोधा, बहुतेक वेळा खरं कारण तिथे असतं. कुणाला विचारताना स्टुडिओची आवृत्ती, मशीनची रॅम आणि शेवटचा बदल काय केला, एवढं मराठीत लिहिलंत तरी उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम होतं. प्रोजेक्ट सुरळीत चालू असताना ‘अपडेट करा’ म्हणणाऱ्या प्रत्येक पिवळ्या पट्टीला होकार देऊ नका. एक गोष्ट पुरी करा, मग अपडेट.

आणि कॉलेजांतल्या सर-मॅडमना एक विनंती. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर बायोसला पासवर्ड असतो, विद्यार्थ्यांच्या हातात काही नसतं. सत्र सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढून प्रत्येक मशीनचं व्हर्च्युअलायझेशन सुरू करून घ्या. एसडीकेचं फोल्डर एकदाच उतरवून सगळ्यांना कॉपी करता येईल असं ठेवा, म्हणजे प्रत्येक मुलाला तेच कित्येक जीबी पुन्हा उतरवावे लागणार नाहीत. आणि चालू डेटा केबल असलेले चार-दोन जुने फोन कपाटात ठेवा. पहिल्या तासाला प्रत्येकाचं अ‍ॅप कुठल्यातरी फोनवर उघडलेलं दिसलं पाहिजे, जावाचा इतिहास दुसऱ्या तासाला शिकवला तरी चालेल.